तळव्यावरचे ठिपके

सिस्टर बाळांशी अहो-जाहो बोलत. हगवणीने चिपाड झालेल्या सहा महिन्यांच्या मुलापुढे वाकून, कचेरीत शोभेल अशा अदबीने विचारीत, "काय साहेब, घोटभर पाणी घेता का? का आज उपास हाय?" साहेबांनी चमचा ओठांत धरला तर मागे न वळता मला म्हणत, "घेतेत. लिहा." साहेबांनी तोंड फिरवले, तर खाटेच्या कडेला बसत आणि मग अर्धा तास तिथून कोणी त्यांना उठवू शकत नसे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कोणत्या खुर्चीवर कोण येणार, कोणाची कुठे बदली होणार, याशिवाय चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. सिस्टरांनी तोच कारभार आमच्या बालरुग्ण कक्षात आणला. दाराजवळच्या खाटेवरचे बाळ कलेक्टर, त्याच्या शेजारचे तहसीलदार, खिडकीखालचे रडके जुळे ते दोन्ही तलाठी. बरे होऊन घरी निघालेल्या बाळाची 'बदली' झालेली असे. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून हातांची सालटी गेलेल्या बायका आपल्या कडेवरच्या पोराला कलेक्टर म्हटलेले ऐकून तोंडाला पदर लावून हसत. त्या हसल्या की सिस्टर लगेच पुढचा प्रश्न विचारीत. त्या वेळी मला तो नुसता थिल्लरपणा वाटे. हसलेली बाई खरे सांगते, हे त्यांना ठाऊक होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

लातूरपासून तासाभरावरच्या तालुक्याच्या गावचे ते रुग्णालय. मी तेवीस वर्षांची होते. हदगावच्या शेतकरी घरातली, मुंबईहून नर्सिंगची बी.एस्सी. होऊन आलेली आणि दोन वर्षांत एम.एस्सी.साठी दिल्ली गाठायची हे ठरवूनच रुजू झालेली. सिस्टर पंचेचाळिशीच्या असतील. मुदखेडच्या. वडील रेल्वेत गँगमन. वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या मॅट्रिकला होत्या आणि त्याच वर्षी नर्सिंगला जायचे ठरले, इतकेच त्या सांगत. लग्न केले नव्हते. का, असे एका नव्या डॉक्टरने विचारले तेव्हा म्हणाल्या, "सवड झाली की करते. तुमच्या नजरेत कोणी आसल तर थांबवून ठेवा." तो बिचारा आठवडाभर त्यांच्यासमोरून जाताना रजिस्टर उघडून वाचत जाई.

त्यांच्या जिभेला धार होती, आणि ती कुठे चालवायची हे त्यांना पक्के कळत होते. टँकर दोन दिवसांआड यायचा. कक्षाच्या मागे पाण्याची एकच टाकी होती. आमच्यातल्या दोघी-तिघी सिस्टरांच्या हातून नळाची तोटी फिरली की ती धुऊन मगच आपले भांडे भरत. कोणी काही बोलत नसे. धुणे मात्र दिसे. एका सकाळी सिस्टर टाकीपाशी रिकामी बादली घेऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या, आधी तुम्ही भरून घ्या. मी भरल्यावर तुम्हाला तोटी धूत बसावं लागतंय, आन् टँकर तर उद्या हाय. लेकरांचं पानी कामून वाया घालता?" मी हसले. आपण त्यांतल्या नाही, असे मला वाटत होते. पण त्या दिवशी त्यांच्या आधी भरून घेणाऱ्यांच्या रांगेत मीही होते.

मूल तपासायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी कधी कोणासाठी मोडली नाही. खाटेपासून हातभर अंतरावर त्या उभ्या राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मुलाला शिवायचे नाही, आईने घेतले असेल तर खाली ठेवायला लावायचे नाही, झबले उचलायचे तर आईनेच. मग श्वास मोजायचे. घड्याळ टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवलेले असे. मोजणी मात्र पाठीमागे बोटांच्या पेरांवर चाले. पूर्ण मिनिटभर. मी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करीत असे. आम्हाला घाईच्या वेळी तसे चालेल म्हणून शिकवले होते. त्यांनी ते एकदा पाहिले.

"अर्ध्याचं दुप्पट करायला ही काय भाकर हाय?"

"सिस्टर, आकडा तोच येतो."

"मोठ्या माणसाचा येतो. हे लेकरू पंधरा दम लगालगा घेतंय, मंग जरा इसरतंय, मंग पुन्हा घेतंय. तुम्ही कोनतं अर्धं मोजलं?"

मी ताडून पाहिले. एकाच बाळाचे लागोपाठचे दोन अर्धे मिनिट मोजले आणि दोन्ही आकडे निराळे आले. मी पूर्ण मिनिट मोजू लागले. कबूल मात्र केले नाही.

हात पाठीमागे का, हेही मी विचारले होते. "हात लावायच्या आधी जे दिसतं ते खरं," त्या म्हणाल्या. "हात लावला की लेकरू तुमच्याबद्दल सांगाया लागतं. सोताबद्दल न्हाई." आणि मुलाला हात लावण्याआधीच्या त्या चार-पाच मिनिटांत त्या आईला असले प्रश्न विचारीत, जे कोणत्याही छापील तक्त्यात नव्हते. "ह्याचे डोळे मागल्या बाजाराला असेच होते का आज खोल गेलेत?" "हे रडणं रोजचं हाय का नवीन हाय?" "काल ह्यानं तुला ओळखलं होतं तसं आज ओळखतंय का?" बाजारचा दिवस हे त्यांचे कॅलेंडर होते. खडी केंद्रावरच्या बाईला तारीख विचारून उपयोग नसे. मागल्या बाजाराला मूल कसे होते हे मात्र तिला नेमके आठवे.

तक्ता मी तयार केला होता. आठ रकाने, इंग्रजीत, ठसठशीत अक्षरांत. ताप, नाडी, श्वास, वजन, त्वचेची चिमटी, डोळे, लघवी, शेरा. सिस्टर पहिले चार भरीत आणि उरलेल्या चारांवरून एक तिरकी रेघ मारून लिहीत: 'बरं' किंवा 'बरं नाही'.

"बरं म्हणजे किती?" मी एकदा त्रासून विचारले.

"ते आईला इचारा. ती सांगल किती."

"पण पुढच्या पाळीच्या नर्सला कळायला नको?"

"कळतंय तिला," त्या म्हणाल्या आणि कलेक्टरसाहेबांकडे वळल्या.

ते कसे कळत होते, याचा शोध मी घेतला नाही. मी शास्त्र शिकले होते. समोर एखादी गोष्ट सातत्याने घडत असेल तर तिला कारण असते, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. आमच्या कक्षात सातत्याने घडणारी एक गोष्ट अशी होती: मी घड्याळ लावून, थेंब मोजून सलाईनची गती ठरवून द्यावी आणि तासाभराने पाहावे तर काही मुलांची सलाईन निम्म्याने मंदावलेली असे. सगळ्यांची नव्हे. काहींचीच. मी नळ्या जुन्या झाल्या असे अनुमान काढले आणि नव्या नळ्यांसाठी वरिष्ठांना एक मुद्देसूद अर्ज लिहिला.

आणि ठिपके होते. तोंड आलेल्या मुलांना लावायचे जांभळे औषध प्रत्येक बालरुग्ण कक्षात असते. सिस्टर कापसाची काडी त्यात बुडवून काही मुलांच्या डाव्या तळव्यावर ठिपका काढीत. कोणाला एक, कोणाला दोन, बऱ्याच जणांना एकही नाही. मुलांच्या कपाळावर आणि गालांवर आयांनी लावलेली काजळाची तीट असेच. त्यात ही आणखी एक, पायावरची. शिकल्यासवरलेल्या, स्वतःला बुद्धाची म्हणवणाऱ्या बाईने हे करावे, याचे मला नवल वाटले. दुसऱ्या महिन्यात कधीतरी मी विचारले, "हे कशासाठी, सिस्टर?" माझ्या स्वरात काय होते ते त्यांनी बरोबर ऐकले असावे. काडी पुसत त्या म्हणाल्या, "नजर लागू नये म्हनून. तुमच्यासारख्या हुशार मान्सांची."

मला तो टोमणा कळला. तरीही त्यातला अर्धा भाग मी खरा धरून ठेवला, कारण तो माझ्या मताशी जुळत होता.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी कळवण्यात आले की नव्या जिल्ह्याचे अधिकारी दुष्काळी भागातली बालके पाहायला दुपारी येणार आहेत. जलसंजीवनीची पाकिटे संपत आली होती आणि भांडारातून गाडी काही येत नव्हती. वरून तोंडी सांगणे आले, तशा सिस्टर सकाळच्या एस.टी.ने लातूरला पाकिटे आणायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "चारपर्यंत येते. खिडकीजवळच्या मामलेदारीणबाईंना चमच्यानंच चालू द्या. त्यांची आई चांगली पाजती." मी मान हलवली. माझे लक्ष खिडकीच्या मळक्या पडद्यांकडे होते. कक्ष पहिल्यांदाच माझ्या ताब्यात होता.

मामलेदारीण म्हणजे औशाकडच्या एका वाडीतली दहा महिन्यांची मुलगी. वजन पाच किलोच्याही आत. मांड्यांची कातडी सैल पायजम्यासारखी लोंबत होती. पाच दिवसांच्या हगवणीनंतर आली होती आणि दोन दिवसांपासून सावरत होती. तिची आई माझ्याच वयाची. ती दिवसभर मांडीवर वाटी ठेवून एकेक चमचा पाजीत बसलेली असे आणि कोणी जवळ आले की उठून उभी राही.

पडदे बदलून झाले. चादरी पालटल्या. मग मला ते जांभळे तळवे दिसले. पाहुणे येणार, त्यांत डॉक्टर असणार, आणि मुलांच्या पायांवर नजर उतरवल्याच्या खुणा. पाणी वाया घालवता येत नव्हते, म्हणून मी स्पिरिटचा बोळा घेतला. कक्षातली आया, जिला सगळे मावशी म्हणत, ती ट्रे धरून माझ्यामागे आली.

"बाई, मोठ्या बाईला इचारून पुसलं आसतं."

"मोठ्या बाई लातूरला गेल्यात, मावशी."

"मंग कोनाला किती व्हते ते ध्यानात न्हाई राहायचं."

"ध्यानात ठेवण्यासारखं असेल तर लिहून ठेवायचं असतं," मी म्हणाले. ते वाक्य बोलताना मला बरे वाटल्याचे आठवते. मी एकेक डावा पाय हातात घेतला आणि स्वच्छ केला. काही मुले गार स्पर्शाने रडली.

पाहुणे अडीचला आले. आमचे डॉक्टर, तेही तरुण आणि नवे, त्यांना खाटांवरून फिरवत होते. खिडकीजवळ थांबून त्यांनी त्या मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी डोळे पाहिले, खोल होते. तोंड पाहिले, कोरडे वाटले. मी म्हणाले, "पाणी बरेच कमी झालेले दिसते." डॉक्टरांनी कागदावर सलाईन लिहिली, जलद. पाहुणे पुढे गेले. मी शीर एका झटक्यात शोधली आणि वजनावरून थेंब बसवले. माझे हात कुशल आहेत, असे पाहुण्यांतल्या कोणीतरी म्हटल्याचेही मी ऐकले.

मुलीची आई उभीच होती. पाहुणे शेजारच्या खाटेपाशी होते म्हणून असेल, ती अगदी हळू, जवळजवळ स्वतःच्या पदराशी बोलली. "बाई, हिचं प्वाट आधीपासून तसंच हाय. मोठ्या बाई चमच्यानंच पाजा म्हनल्या व्हत्या."

मला ऐकू आले. ऐकू आले नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. मी म्हणाले, "चमच्यापेक्षा याने लवकर बरी होईल. तुम्ही बसा."

मावशी नेहमीप्रमाणे रांगेतून फिरल्या. मी त्यांना प्रत्येक खाटेपाशी वाकून सवयीने मुलाचा पुसलेला डावा पाय उचलताना पाहिले. खिडकीपाशीही त्यांनी पाय उचलला, पाहिला, जरा थबकल्या आणि पुढे गेल्या.

सिस्टर चारला आल्या, काखोटीला खोके घेऊन. दारातच थांबल्या. खोके खाली ठेवले नाही, तसेच धरून त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. हात बांधलेले नव्हते, एवढाच त्यांच्या नेहमीच्या उभे राहण्यात फरक होता. मग धावल्या. सलाईन बंद केली, मुलीला उभी छातीशी धरली. तिच्या पापण्या सुजल्या होत्या, नाकपुड्या फुलत होत्या, मिनिट पूर्ण मोजायची गरज कोणालाच नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, प्राणवायू लावला. दिवस मावळायच्या आत ती गेली. सिस्टर त्या मुलीशी शेवटपर्यंत बोलत होत्या, हलक्या आवाजात, अहो-जाहोनेच.

त्या संध्याकाळी मावशींनी मला सगळे सांगितले. एक ठिपका म्हणजे ह्याच्याकडे तासातासाला बघा. दोन ठिपके म्हणजे हे मूल आधीपासून वाळलेले आहे. ह्याची कातडी चिमटीत उभी राहणारच, डोळे खोल असणारच. त्यावर जाऊ नका. ह्याचे काळीज एकदम आलेले पाणी पेलणार नाही. डॉक्टरांनी काहीही लिहिले, नव्या बाईंनी कितीही जोरात सोडले, तरी नळी निम्मी करा आणि चमच्याने पाजा. हे मावशींना, दुसऱ्या पाळ्यांना येणाऱ्या दोन्ही जुन्या नर्सना आणि मुलांच्या बहुतेक आयांना ठाऊक होते. वाचता न येणाऱ्यांनाही. सहा महिने माझ्या पाठीमागे कोणीतरी माझी चूक रोज दुरुस्त करीत होते आणि मी नळ्यांना दोष देत होते.

"मग कागदावर का लिहीत नव्हत्या?" मी विचारले.

मावशी म्हणाल्या, "डाक्टरच्या कागदावर डाक्टरच्या उलटं लिहिलं तर बाईची नोकरी ऱ्हाईल का? बाई म्हनायच्या, कागद सायबाचा हाय, पाय लेकराचा हाय."

खडी केंद्रावरून लोक आले, तक्रार झाली, चौकशी बसली. औषधांच्या खोलीत टेबल मांडून तिघे अधिकारी. सिस्टर भिंतीशी उभ्या. लेखी हुकूम नसताना प्रमुख परिचारिका कक्ष सोडून का गेली, हा पहिला प्रश्न. तोंडी कोणी पाठवले होते ते त्या वेळी कोणालाच आठवले नाही. दुसरा प्रश्न ठिपक्यांचा. कोणीतरी त्यांना ते आधीच सांगितले होते. सलाईनबद्दल मला विचारले तेव्हा मी म्हणाले, डॉक्टरांच्या आदेशानुसार. ते खरे होते. मग मधले अधिकारी म्हणाले, "हे ठिपके कशासाठी काढत, असं या तुम्हाला कधी म्हणाल्या होत्या का?"

दिल्लीचा माझा अर्ज तयार होता. त्यावर ना-हरकत दाखला याच अधिकाऱ्यांच्या कचेरीतून मिळायचा होता. हे त्या क्षणी माझ्या मनात आले नाही, असे लिहिणे सोयीचे होईल; पण ते आले होते.

मी म्हणाले, "नजर लागू नये म्हणून, असं म्हणाल्या होत्या."

शब्दाला शब्द बरोबर. खोटे त्यात काहीच नव्हते.

अधिकारी सिस्टरांकडे वळले. "बरोबर आहे हे?"

"बरोबर हाय," सिस्टर म्हणाल्या. "मी तसं म्हनले होते."

एवढेच. मी वाट पाहिली की त्या आता सांगतील. त्यांनी सांगितले नाही. का, हे उकलायला मला फार वेळ लागला नाही, पण तेवढा वेळही जास्तच झाला. ठिपक्यांचा खरा अर्थ त्या खोलीत उच्चारला असता तर सहा महिने डॉक्टरांचे आदेश बदलणाऱ्या मावशी आणि दोन्ही नर्स त्यांच्याबरोबर गेल्या असत्या. अंधश्रद्धाळू बाई एकटी जाऊ शकत होती. अहवाल लिहिणाऱ्या कारकुनाने बाहेर येऊन दुसऱ्याला सांगितले, "हे लोक कितीबी शिकले तरी..." आणि मला पाहून वाक्य अर्धे सोडले. मी ते पूर्ण करायला लावले नाही. खोडूनही काढले नाही. ज्या घराने असल्या गोष्टी सोडायचे ठरवून धर्म बदलला, त्या घरातल्या बाईच्या नावावर मी ती एक गोष्ट सरकारी कागदावर चढवली होती.

त्यांची बदली नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला झाली, इस्लापूरला. निघायच्या दिवशी त्यांनी कक्षातल्या प्रत्येक बाळाचा निरोप घेतला. मला म्हणाल्या, "पूर्ण मिनिट मोजत जा." रागाने नव्हे. पाळी बदलताना सांगावे तसे.

मला दाखला मिळाला. दिल्लीही मिळाली. तिथल्या पहिल्याच सत्रात एका व्याख्यानात सांगण्यात आले की अतिकुपोषित मुलात त्वचेच्या चिमटीवर विसंबू नये. डोळे नेहमीपेक्षा खोल दिसतात का, हे आईला विचारावे. शिरेतून पाणी देताना फार जपावे. वर्गातल्या सगळ्यांनी ते उतरवून घेतले. मी पेन उचलले नाही. मी ते आधीच शिकले होते; शिकवणारीचे नाव मात्र सांगण्याजोगे मी ठेवले नव्हते.

आता मी नांदेडला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. दोन वर्षांपूर्वी किनवट भागात मुलींच्या ग्रामीण कामाची व्यवस्था पाहायला गेले, तेव्हा मुद्दाम इस्लापूरला उतरले. बोलायचे काय ते मुदखेडपासूनच मनात बांधून ठेवले होते, तीन मुद्द्यांत.

दवाखान्याच्या ओट्यावर त्या वजनकाट्याची झोळी शिवत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. "या," म्हणाल्या, जणू मी परवाच गेले होते. "दिल्लीची हवा मानवली तुम्हाला. बसा. चहा इथं गोडच मिळतो."

मी मुद्दे मांडले. तेव्हा मी जे सांगितले ते अर्धे होते. मी आता वरिष्ठांना लेखी देईन. त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा काढून टाकता येईल.

त्या सुई ओढत राहिल्या. "मला रिटायर व्हायला किती दिस राहिले? त्या शेऱ्यानं माजं काय आडलं न्हाई. इथली लेकरं शेरा वाचून येत न्हाईत."

"पण सिस्टर, माझ्यामुळे..."

"व्हय, तुमच्यामुळं." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मी बी तुम्हाला नीट सांगितलं न्हाई. टोमणा मारला. तुम्ही शिकलेल्या, म्हणून मला तुमचा राग येत व्हता. ते माजं. पर लिहून द्यायला आलात ते चुकीच्या मान्साकडं आलात."

मग त्यांनी सांगितले. बदलीवर जाण्याआधी त्या औशाकडच्या त्या वाडीला गेल्या होत्या. त्यानंतरही दोनदा. त्या मुलीच्या आईला नंतर दोन मुलगे झाले. चांगले आहेत. पण मोठा जरा आजारी पडला की ती दवाखान्यात शिरताच ओरडून बोलू लागते. डॉक्टरवर, नर्सवर, चिठ्ठी फाडणाऱ्यावर. लोक तिला भांडखोर म्हणतात.

"तिला वाटतंय, त्या दिवशी आपण हळू बोललो म्हनून पोरगी गेली," सिस्टर म्हणाल्या. "मी तीनदा सांगून आले, बाई, तुझं काई चुकलं न्हाई. ती मान हलवती. पर माझ्या सांगन्यानं ते जात न्हाई. मी तिथं नव्हते ना त्या टायमाला. ज्यानं ऐकलं त्यानंच सांगितलं पायजे."

मी वाडीचे नाव वहीत उतरवून घेतले. त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडले आणि बस हलेपर्यंत उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. कुठे राहतात ते मुदखेडला कोणीही सांगेल.

लातूरहून त्या वाडीला दिवसातून दोन बस जातात, एक सकाळी आणि एक दुपारी. त्यांच्या वेळा मला पाठ आहेत. या दोन वर्षांत परीक्षांच्या आणि बैठकांच्या निमित्ताने मी लातूरला चार वेळा जाऊन आले. तिला सांगायचे ते फार नाही: तू कितीही मोठ्याने बोलली असतीस तरी त्या दिवशी मी ऐकले नसते. हे मी आज इथे लिहिले आहे. त्या बाईला वाचता येत नाही.